विंडोज ११ टाकल्यावर जुने प्रोग्रॅम का अडतात, आणि त्यातलं काम कसं वाचवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात छापखाना, सोबत डीटीपी, आणि त्याच कॉम्प्युटरवर एका पतसंस्थेचे जुने हिशेब. मशीन फार जुनं नाही, पण हिशेबाचा डॉसमधला प्रोग्रॅम चालावा म्हणून त्यावर मुद्दाम ३२ बिटचं विंडोज १० ठेवलेलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून नवी एसएसडी बसवून विंडोज ११ टाकून घेतलं. जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली आहे. आता चार गोष्टी अडल्यात. पतसंस्थेचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला प्रोग्रॅम उघडतच नाही. बिलिंगचा प्रोग्रॅम उघडतो, पण त्यात २०१९ पर्यंतचीच बिलं दिसतात. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला त्याचा हार्डवेअर लॉक (तो मशीनला जोडलेला असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) सापडत नाही. काउंटरवरच्या विंडोज ७ च्या पीसीवरून प्रिंट जात नाही. आणि शेवटी, परत विंडोज १० टाकावं का?

सगळ्यात आधी ती कपाटातली डिस्क. ती कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका आणि 'एक्स्ट्रा स्टोरेज' म्हणून परत मशीनमध्ये लावू नका. तुमचं जे गेलं असं वाटतंय, ते बहुतेक सगळं तिच्यावर आहे. यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट टूलमध्ये तिची तब्येत बघा. मग तिची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि यापुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. अशा कामांत डेटा कायमचा जातो तो अपग्रेडमुळे फार क्वचित. तो जातो नंतरच्या चार दिवसांत, घाईघाईने केलेल्या दुरुस्त्यांमध्ये.

चारही अडचणी एकाच दिवशी आल्या म्हणून 'विंडोज ११ नीट पडलं नाही' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण यातल्या प्रत्येकीचं कारण वेगळं आहे आणि पुन्हा विंडोज ११ टाकून एकही सुटणार नाही. प्रत्येक वेळी आधी एक ठरवायचं: प्रोग्रॅम वाचवायचा आहे, की त्या प्रोग्रॅममध्ये अडकलेलं काम? बरेच जण पहिल्याच्या मागे लागून दुसरं घालवतात, म्हणून मी हे परत परत सांगतो.

बिलिंगपासून सुरुवात करतो, कारण त्यात भीती जास्त आणि धोका कमी आहे.

तुमचा बिलिंगचा प्रोग्रॅम, वर्णनावरून, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एमडीबी या डेटाबेस फाइलमध्ये डेटा ठेवणारा दिसतो. असे प्रोग्रॅम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत लिहितात. एक्सपीच्या काळात ते खपून जायचं. व्हिस्टापासून ॲडमिनच्या लॉगिनमधले प्रोग्रॅमही साध्या यूजरच्याच अधिकारात चालू लागले आणि त्यांना त्या फोल्डरमध्ये लिहायला बंदी झाली. पण हजारो जुने प्रोग्रॅम त्यामुळे बंद पडले असते, म्हणून एक तडजोड केली. जुना ३२ बिट प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला न सांगता फाइलची एक प्रत दुसरीकडे करतं आणि पुढचं सगळं लिखाण त्या प्रतीत होतं. ही जागा म्हणजे सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात तुमच्या लॉगिनच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, लोकल आणि शेवटी व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून सहज नजरेला पडत नाही.

आता तुमच्याकडे काय झालं असणार ते बघा. २०१९ मध्ये हा प्रोग्रॅम तेव्हाच्या डेटासकट त्या मशीनवर कॉपी झाला. पहिलं बिल फाडलं त्या क्षणी एमडीबीची प्रत व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेली आणि नंतरची सगळी वर्षं तिथे साठत राहिली. प्रोग्रॅम फाइल्समधली मूळ फाइल २०१९ मध्येच थांबली. टेक्निशियनने नवीन एसएसडीवर तीच थांबलेली फाइल आणली. त्यात त्याचा फारसा दोष नाही, दिसायला सगळं बरोबरच दिसतं. जुन्या डिस्कवर वरच्या रस्त्याने जा, एमडीबी फाइल शोधा, तिची तारीख आणि साइज बघा. अपग्रेडच्या आदल्या दिवसापर्यंतची बिलं तिथे मिळतील, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

इथे एक धोक्याची सूचना. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा'. तसं केलं की ही आडबाजूची प्रत वापरलीच जात नाही. प्रोग्रॅम थेट प्रोग्रॅम फाइल्समधली थांबलेली फाइल उघडतो आणि आता त्यात लिहूही लागतो. मग काही बिलं इकडे, काही तिकडे. दोन्ही फाइल्स जुळवणं हे फार कंटाळवाणं आणि चुका होणारं काम आहे. त्यामुळे एसएसडीवर नवीन बिलं केली असतील तर त्यांची प्रिंट काढून बाजूला ठेवा, जुन्या डिस्कवरची खरी फाइल आणा आणि ती बिलं हाताने परत चढवा. प्रोग्रॅमचं फोल्डर मात्र प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एक वेगळं फोल्डर करा, त्याला यूजरची लिहायची परवानगी द्या आणि शॉर्टकट तिथून करा. शिवाय रोजच्या बॅकअपमध्ये कोणतं फोल्डर जातंय ते तपासा. बॅकअपही इतकी वर्षं त्या थांबलेल्या फाइलचाच होत असेल, तर तो बॅकअप नव्हताच.

प्रोग्रॅम उघडताना एखादी ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमला लागणारा जोडभाग) सापडत नाही असा मेसेज आला तर घाबरू नका. व्हिज्युअल बेसिक ६ ची मूळ लायब्ररी विंडोज ११ मध्येही असते, पण तक्ते आणि बटणांचे जादा कंट्रोल्स त्यात येत नाहीत. मूळ सेटअप असेल तर तो परत चालवा. नसेल तर ती फाइल जुन्या डिस्कवरून आणून सिसवाओ६४ या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथून रजिस्टर करा. नावावरून उलटं वाटतं, पण ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट फाइल्स सिसवाओ६४ मध्ये असतात आणि ६४ बिटच्या सिस्टम३२ मध्ये. बरीच मंडळी इथेच चुकीच्या फोल्डरमध्ये फाइल टाकून दिवस घालवतात. इंटरनेटवरच्या 'फ्री डीएलएल' साइटवरून अशा फाइल्स कधीही उतरवू नका.

आता फॉक्सप्रो. हा प्रोग्रॅम विंडोज ११ वर थेट चालणार नाही आणि त्यासाठी कोणतंही सेटिंग नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये चालू असताना डॉसच्या प्रोग्रॅमना लागणारा व्हर्च्युअल ८०८६ मोड त्यात उपलब्धच नसतो, म्हणून मायक्रोसॉफ्टने ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचा तो भाग कधी घातलाच नाही. तुमचं विंडोज १० ३२ बिटचं होतं, म्हणून आजवर निभावलं.

यातून दोन वाटा आहेत. व्हीडॉसप्लस किंवा डॉसबॉक्स-एक्ससारखा एम्युलेटर, म्हणजे डॉसच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून प्रोग्रॅम त्यात चालवता येतो. साधा डॉसबॉक्स मूळचा खेळांसाठी आहे, हिशेबासाठी तो वापरू नका. दोन जण एकाच वेळी फाइल उघडत असतील तर एकाचं लिखाण दुसऱ्याने पुसू नये म्हणून फाइल लॉकिंग नीट असलं पाहिजे, आणि व्हीडॉसप्लस अशाच कामासाठी बनवलेला आहे. प्रिंटही तो विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते. जुन्या डिस्कचाच व्हर्च्युअल कॉम्प्युटर करायचा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी हे छोटं टूल अख्ख्या डिस्कची एक फाइल करून देतं आणि ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये लावली की जुनं ३२ बिट विंडोज एका खिडकीत जसंच्या तसं सुरू होतं, डॉसच्या प्रोग्रॅमसकट. यूएसबीचा हार्डवेअर लॉकही त्या खिडकीत जोडता येतो. विंडोजचं लायसन्स मशीनसोबत आलेलं असेल तर ते परत ॲक्टिव्हेशन मागेल, तेव्हा त्याची कायदेशीर व्यवस्था आधी करा. आणि या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा. सपोर्ट संपलेलं विंडोज लोकांच्या ठेवींचे हिशेब घेऊन इंटरनेटवर बसलेलं मला अजिबात पटत नाही.

पण हेही वर्षभराच्या सोयीपुरतंच समजा. पतसंस्थेचं खरं काम डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइल्समध्ये आहे आणि त्या आजही सहज उघडतात. लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये डीबीएफ थेट उघडा, सोबत त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही शेजारी असू द्या, कारण लांबलचक शेरे त्यात असतात. उघडलेली फाइल डीबीएफ म्हणून परत सेव्ह करू नका, स्प्रेडशीट म्हणून वेगळी सेव्ह करा. नावं मराठीत असतील आणि प्रोग्रॅम सीडॅकच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं कार्ड) चाललेला असेल, तर मजकूर बहुधा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतात असेल. ही चांगली बातमी आहे. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या संकेतातला देवनागरीचा तक्ता इस्कीवरच बेतलेला आहे, त्यामुळे इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर पुष्कळ स्वच्छ होतं. खातेदारांची यादी, शिल्लक आणि गेल्या काही वर्षांचे व्यवहार असे काढून घ्या आणि बेरजा जुन्या प्रोग्रॅमच्या तेरजेशी (ट्रायल बॅलन्स) ताडून बघा. तेरीज जुळली की मगच नवीन सॉफ्टवेअरवाल्याशी बोला, म्हणजे 'जुना डेटा निघत नाही' हे उत्तर तुम्हाला कोणी देऊ शकणार नाही.

मधेच कम्पॅटिबिलिटी मोडबद्दल, कारण तो सगळे जण आधी लावून बघतात. तो काय करतो हे कळलं की केव्हा लावायचा तेही कळतं. बरेच जुने प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजचा आवृत्ती क्रमांक विचारतात. एक्सपीचा ५.१ होता, विंडोज ७ चा ६.१. ओळखीचा क्रमांक दिसला नाही की ते बंद होतात. कम्पॅटिबिलिटी मोड त्यांना जुना क्रमांक सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. (विंडोज ११ आतून स्वतःला १०.० च म्हणवतं, फरक फक्त २२००० च्या पुढच्या बिल्ड नंबरात आहे. म्हणून १० वर चालणारे बहुतेक ३२ बिट प्रोग्रॅम ११ वरही चालतात.) पण डॉसच्या काळातला १६ बिटचा प्रोग्रॅम, चुकीचा ड्रायव्हर किंवा हरवलेला डेटा यांवर हा मोड काहीच करू शकत नाही. मोठ्या रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर अक्षरं पुसट किंवा बारीक दिसत असतील तर त्याच टॅबमध्ये हाय डीपीआयचं सेटिंग आहे. तिथे स्केलिंग 'सिस्टम एनहान्स्ड' वर टाका, पुष्कळ फरक पडतो.

हार्डवेअर लॉकचा प्रश्न ड्रायव्हरचा आहे. प्रोग्रॅम ३२ बिटचा चालतो, ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो आणि तोही डिजिटल सही केलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकपुढे पिवळं चिन्ह असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या टॅबवर हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडीपुढे ०५२९ असेल तर तो हास्प जातीचा लॉक आहे. त्याचा ताजा रनटाइम, म्हणजे ड्रायव्हरसकट सेटअप, आता थेल्स ही कंपनी देते, सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर वापरू नका. ड्रायव्हर टाकूनही चालत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी बघा. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनवर ते बहुधा सुरू असतं आणि जुने ड्रायव्हर अडवतं. कोणता ड्रायव्हर अडला ते समजण्यासाठी ते तात्पुरतं बंद करून बघायला हरकत नाही, पण कायमचं बंद ठेवून काम चालवू नका. लॉक जुन्या पॅरलल पोर्टचा असेल तर वेळ घालवू नका, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून बदलून घ्या.

प्रिंटरचं थोडक्यात. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट सेवेत प्रिंटनाइटमेअर नावाची गंभीर फट उघड झाली आणि त्यानंतरच्या अपडेट्सनी शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले. अपडेट न मिळालेला विंडोज ७ चा पीसी आता त्या नियमांत बसत नाही, म्हणून शेवटी ११बी असलेला एरर येतो. रजिस्ट्रीत एक नोंद बदलून हा नियम ढिला करता येतो, पण मी ते सुचवणार नाही. प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर त्याला स्वतःचा आयपी देऊन दोन्ही पीसीवर थेट जोडा. नसेल तर काउंटरचा पीसी बदलायची वेळ झाली आहे, कारण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला.

परत विंडोज १० वर जावं का? नाही. वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण त्यानंतर हाच प्रश्न पुन्हा समोर येईल आणि तोवर ती हार्डडिस्क आणखी जुनी होईल. ज्यांनी आहे त्याच डिस्कवर अपग्रेड केलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट: मागे जाण्याची सोय फक्त १० दिवस असते आणि जुनं विंडोज ज्या विंडोज.ओल्ड फोल्डरमध्ये असतं ते नंतर आपोआप पुसलं जातं. डेटा शोधायचा असेल तर त्याच्या आत शोधा.

शेवटचा विषय तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या छापखान्यासाठी मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पानं लावायचा तुमचा पेजमेकर ७ विंडोज ११ वर चालतोय, कारण तो ३२ बिटचा आहे. पण तो २००१ चा आहे, २००४ मध्ये त्याचं पुढचं काम थांबलं आणि युनिकोड त्याला कळत नाही. म्हणजे तुमच्याकडच्या सगळ्या स्मरणिका, अहवाल आणि कवितासंग्रह जुन्या फॉन्टच्या संकेतांत आहेत. त्या फाइलमध्ये 'क' नाहीच. तिथे एखादं इंग्रजी किंवा युरोपीय अक्षर आहे आणि फॉन्ट त्या जागी 'क'चा आकार दाखवतो. फॉन्ट किंवा लॉक गेला की उरतो निव्वळ चिन्हांचा ढीग, आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची जागांची रचना वेगळी.

म्हणून लॉक परत चालू झाला की लगेच मजकूर बाहेर काढा. प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. मग पेजमेकरमधून मजकूर आरटीएफमध्ये एक्स्पोर्ट करून त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्या. इनडिझाइनमध्ये आणायचं असेल तर लक्षात ठेवा, पेजमेकरच्या फाइल्स उघडणारी शेवटची आवृत्ती सीएस६ होती, नंतरच्या उघडत नाहीत. लिबरऑफिस ड्रॉ त्या उघडतं, मांडणी विस्कटली तरी मजकूर हाती लागतो.

रूपांतरानंतर सगळं वाचायला वेळ नसतो, तेव्हा ठरावीक जागा तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे 'स्थिती', 'व्यक्तिगत', 'शक्तिमान' असे जोडाक्षर-वेलांटीचे शब्द आधी बघा. मग रफार: 'कीर्ती', 'मूर्ती', 'सर्वांना'. रफारावर अनुस्वार असेल तिथे कन्व्हर्टर नेमका चुकतो. नंतर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' यांतला अर्धा र, जो हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर साध्या रफारात बदलून टाकतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जुने कन्व्हर्टर ते अ आणि चंद्र असे दोन तुकड्यांत लिहितात. दिसायला सारखंच, पण सर्च केल्यावर शब्द सापडत नाही. हे फाइंड-रिप्लेसने एकदाच बदलून घ्या.

वर्डच्या फाइल्सची ओळरचना विंडोज ११ वर बदललेली दिसली तर तो वेगळा आणि सोपा प्रश्न आहे. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आता विंडोजसोबत आपोआप येत नाहीत. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका, की फाइल्स पूर्ववत दिसतील.

सुरुवात दरवर्षी परत लागणाऱ्या मजकुरापासून करा: संस्थांचे वार्षिक अहवाल, गावच्या उत्सवाच्या पत्रिका, शाळांची प्रमाणपत्रं. त्यानंतर ज्या लेखकांनी स्वखर्चाने पुस्तकं छापली आणि ज्यांच्याकडे स्वतःची फाइल नाही, त्यांची. अशा पुस्तकांची एकमेव प्रत बहुधा तुमच्या त्या डिस्कवरच असते. प्रत्येक कामाची पेजमेकर फाइल, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कोणता फॉन्ट वापरला होता ते त्यातच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, आणि लेखक हयात असतील तर त्यांनाही एक प्रत पेनड्राइव्हवर द्या.